हेल काढा, बिनधास्त!

एका शब्दाने नोकरी धोक्यात येते का हो? येते. आणि तो शब्द शिवीच असायला पाहिजे असंही नाही. ज्या शब्दाबद्दल मी सांगतोय, तो होता ‘ग्रेव्ही’.

गोष्ट १९७० च्या दशकातली. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये काही भारतीय आणि पाकिस्तानी बायकांना नव्याने कामाला घेतलं होतं. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. सामानाची चढउतार करणारे कामगार म्हणायला लागले, या बायका तुसड्या आहेत, नीट बोलत नाहीत. सुपरवायझरचंही तेच मत. गंमत म्हणजे त्यांना बोलायचं असायचं किती? गिऱ्हाइकाने मांसाचा पदार्थ घेतला की वर ग्रेव्ही घालू का, एवढं विचारायचं. एक शब्द. त्यात उद्धटपणा करायला जागा तरी कुठे आहे?

जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने ती जागा शोधली. दोन्हीकडची बोलणी टेप केली, ऐकली, ऐकवली. ब्रिटिश वाढपीण म्हणायची, ‘ग्रेव्ही?’ शेवटी सूर वर. आपली बाई म्हणायची, ‘ग्रेव्ही.’ सूर खाली. बास, एवढाच फरक. पण ब्रिटिश कानाला तो खालचा सूर ऐकू यायचा असा: ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या. टेप ऐकून बायका आधी म्हणाल्या, आम्ही तेच तर बोलतोय! त्यांच्या मते त्या व्यवस्थित, आदबीने विचारत होत्या. उलट समोरचे लोक आपल्याशी असे का वागतात, हे कोडं त्यांना पडलं होतं. उलगडा झाल्यावर दोन्ही बाजूंचे चेहरे जरा सैल झाले. गम्पर्झने हे सगळं १९८२ साली आपल्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या पुस्तकात लिहिलं, आणि तेव्हापासून ही बिचारी ग्रेव्ही भाषाशास्त्राच्या वर्गांमध्ये वाढली जातेय.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं प्रकरण, तेही साहेबाच्या देशातलं. आपला काय संबंध? बॉस, संबंध आहे. तुमच्या हेडफोनमधून रोज ग्रेव्ही वाढली जातेय.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. गाव रेवस. अलिबाग तालुक्याचं उत्तरेकडचं टोक, धरमतरच्या खाडीचं तोंड, समोर कारंजा. ज्यांना अलिबाग म्हणजे फक्त मांडव्याचा कॅटमरान आणि वीकेंडचा बंगला एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी: भाऊच्या धक्क्यावरून लाकडी लाँच सुटायची, तास-दीड तास धुकधुक करत रेवसला लागायची, हा मुंबई गाठायचा जुना मार्ग. १७ जुलै १९४७ ला सहाशेच्या वर माणसं घेऊन बुडालेली ‘रामदास’ बोट रेवसलाच निघाली होती. त्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांमध्ये आजही ती तारीख सांगावी लागत नाही. तर हा आमचा रेवसवाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, डोक्याने सॉलिड, ग्रामरमध्ये माझ्यापेक्षा पक्का. त्याच्या ई-मेलमध्ये चूक काढून दाखवा, वडापाव माझ्याकडून.

आणि तरी परदेशी क्लायंटकडून शेरा आला: बोलणं तुटक वाटतं, कधी कधी उर्मट.

हा मुलगा उर्मट? लिफ्टमध्ये शिरताना हाऊसकीपिंगच्या काकांना ‘या ना तुम्ही आधी’ म्हणणारा? पण शेरा कागदावर आला की तो खरा होतो. त्याचं प्रमोशन अडलं. मग सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणालं, ॲक्सेंट सुधार. कोणी म्हणालं, नेटफ्लिक्सवर अमेरिकन सिरियल बघ. त्याने बिचाऱ्याने एक ॲप घेतलं आणि आठवडाभर आरशासमोर ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करत बसला. मी त्याच्या दोन-तीन कॉलची रेकॉर्डिंग ऐकली. भानगड ‘वॉटर’मध्ये नव्हतीच. त्याचा ‘व’, त्याचा ‘ट’, त्याचा ‘थ’ समोरच्याला नीट कळत होता. तो विचारत होता, ‘कॅन यू सेंड द लॉग्ज’, आणि शेवटी सूर असा खाली टाकत होता की जणू फर्मान सुटलंय. ग्रेव्ही!

आपल्या मराठीत यासाठी फर्स्टक्लास शब्द आहे: हेल. नागपूरचा हेल वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, मालवणचा तर ओळखायला दोन सेकंद पुरतात. शब्द तेच, चाल वेगळी. इंग्रजीलाही हेल आहे. फक्त आपण ती भाषा शिकताना तिचे शब्द घेतले, व्याकरण घेतलं, स्पेलिंगं घोकली, आणि चाल घ्यायची राहून गेली. गाण्याचे बोल पाठ आहेत पण चाल माहीत नाही, तर आपण काय करतो? पहाड्यांच्या चालीत म्हणतो. आपली ऑफिसची इंग्रजी बरेचदा अशीच असते. बे एके बे, बे दुणे चार.

यात त्या मुलाचा दोष शून्य आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. हा पहिलीपासूनवाल्या बॅचचा. पण पहिलीपासून असो की पाचवीपासून, इंग्रजी शिकवली गेली पुस्तकातून. बाई एक वाक्य वाचणार, पन्नास पोरं एका सुरात मागून म्हणणार. पुस्तकात शब्द छापता येतात, सूर छापता येत नाही. प्रश्नचिन्ह तेवढं येतं, पण ते आपण शेवटी बघतो, तोवर वाक्य संपलेलं असतं.

त्यात आपली लिपी. देवनागरीत प्रत्येक अक्षराला मान आहे. लिहिलं की बहुतेक ते म्हणायचंच, आणि साधारण सारख्या वजनाने म्हणायचं. मराठीत एखाद्या अक्षरावर जास्त जोर दिला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीचं तसं नाही. तिथे शब्दात एक अक्षर दादा असतं आणि बाकीची त्याच्यापुढे अंग चोरून उभी राहतात. आणि दादा कोण, हे शब्द जरा लांबला की बदलतं. ‘फोटोग्राफ’ घ्या. जोर पहिल्या अक्षरावर: फो-टग्राफ. तोच कॅमेरा माणसाच्या हातात दिला की होतो फ-टॉ-ग्रफर. जोर दुसऱ्यावर सरकला आणि मघाचा रुबाबदार ‘फो’ नुसता ‘फ’ झाला. ‘फोटोग्राफिक’ म्हटलं की जोर तिसऱ्यावर, ‘ग्रॅ’वर. आपण तिन्ही ठिकाणी ‘फोटोग्राफ’ अख्खाच्या अख्खा ठेवतो आणि मागे शेपूट जोडतो, कारण मराठीत प्रत्यय लावायची रीतच ती आहे. ‘हॉटेल’चा जोर आपण ‘हॉ’वर टाकतो, त्यांचा ‘टेल’वर. ‘इव्हेंट’चा त्यांचा ‘व्हें’वर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पुढे, क्रियापद असेल तर मागे, आणि मग ते ‘रिकॉर्ड’सारखं ऐकू येतं.

हे नखरे नाहीत बरं का. इंग्रजी ऐकत वाढलेला कान जोराच्या अक्षराची खूण धरून शब्द ओळखतो: इथे जोर आला, म्हणजे बहुधा नवा शब्द सुरू झाला. आपण जोर भलतीकडे टाकला की त्याच्या मनातल्या डिक्शनरीचं भलतंच पान उघडतं. हैदराबादच्या इंग्रजी शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांची इंग्रजी बाहेरच्यांना कितपत कळते, यावर १९६९ साली प्रबंध प्रसिद्ध केला, आणि गैरसमजाच्या मोठ्या कारणांमध्ये चुकीच्या जागचा जोर त्यांनी मोजला. म्हणजे कॉल सेंटर हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधी निदान झालेलं होतं. औषध मात्र आपण ‘वॉडर’चं घेत बसलो.

लयीची तर वेगळीच मजा. रेवसच्या लाँचचं इंजिन आठवा. टुक-टुक-टुक-टुक, सगळे ठोके सारखे. मराठी साधारण तशी चालते. अक्षरं वाढली की वेळ वाढला. इंग्रजी लाटांसारखी. एक मोठी लाट येते, मधल्या बारक्या तिच्या पोटात जातात. ‘बोट्स लीव्ह लेट’ म्हणा. तीन अक्षरं, तीन ठोके. आता ‘द बोट्स विल बी लीव्हिंग लेट’ म्हणा. अक्षरं सात झाली, ठोके तीनच: बोट्स, लीव्ह, लेट. मधले ‘विल बी’ नुसते वाऱ्यावर उडवायचे. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये हा फरक मांडला, एक जोरावर चालणाऱ्या भाषा आणि दुसऱ्या अक्षरावर चालणाऱ्या. पुढे लोकांनी यंत्रं लावून मोजलं, तेव्हा इंग्रजीचे ठोकेही घड्याळासारखे समान अंतरावर पडत नाहीत असं निघालं. तेव्हा हा नियम कमी आणि कल जास्त. पण कानाला जाणवतो तो कलच.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. आपल्याकडे ‘च’ आहे. हसू नका. ‘मी मेल सोमवारी पाठवला.’ आता ‘च’ फिरवा. मीच पाठवला. मेलच पाठवला. सोमवारीच पाठवला. एक ‘च’ इकडचा तिकडे केला की भांडणाचा विषय बदलतो. ‘तर’, ‘ही’, ‘पण’, ‘ना’, ‘की’, ‘बरं’, ‘जरा’, केवढी मोठी फौज आहे आपल्याकडे! इंग्रजी या बाबतीत गरीब. तिच्याकडे ‘च’ नाही, म्हणून तेच काम ती जोराने करते. ज्या शब्दाला आपण ‘च’ लावला असता, त्या शब्दावर सूर उडवायचा आणि पुढचं सगळं सपाट सोडायचं. एकदा क्लायंटने विचारलं, पहिला सर्व्हर बंद पडलाय का? आमचा रेवसवाला उत्तरला, ‘नो, सेकंड सर्व्हर इज डाउन’, सगळे शब्द सारखे आणि जोर शेवटी ‘डाउन’वर. त्याच्या मनात होतं ‘नाही, दुसराच’. समोरच्याने ऐकलं की पहिला तर गेलाच, आता दुसराही आडवा झालाय. तिकडे रात्री दोन वाजता चार माणसं उठवली गेली. एका ‘च’ची किंमत.

आणि आदराचं काय? मराठीत तुम्ही, आपण, ‘पाठवा’, ‘पाठवता का जरा’. आदर क्रियापदातच शिवलेला असतो. सूर कसाही असला तरी ‘बसा’ हे ‘बस’पेक्षा आदराचंच. इंग्रजीत राजालाही ‘यू’ आणि रामागड्यालाही ‘यू’. मग आदर ठेवायचा कुठे? बराचसा सुरात. आपण काय करतो, वाक्यागणिक ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ पेरतो. सूर खाली असेल तर ते ‘काइंडली’ नोटिशीसारखं वाजतं.

हे सगळं साहेबाचं खूळ म्हणून सोडून द्यायची सोयही आपल्याला नाही. सुरावरून अर्थ फिरतो हे या देशाइतकं लवकर कोणी लिहून ठेवलेलं नसेल. वेदांतले उदात्त, अनुदात्त, स्वरित म्हणजे सुराचाच हिशोब. त्वष्ट्याची कथा तर प्रत्येक प्रेझेंटेशनच्या आधी सांगावी अशी. मुलाला इंद्राने मारलं, म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला: इंद्राला मारणारा पुत्र होऊ दे. मंत्रात शब्द होता ‘इंद्रशत्रु’. शत्रु म्हणजे इथे मारणारा. जोर शेवटी असता तर अर्थ ‘इंद्राला मारणारा’. जोर पडला पहिल्या पदावर आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’. शब्द शंभर टक्के बरोबर, सूर चुकला, आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच हे उदाहरण दिलंय. पाणिनीनेही लांबून कोणाला हाक मारताना शेवटचा स्वर ताणला जातो, याचा नियम करून ठेवलाय. तो ताणलेला स्वर म्हणजे प्लुत. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत यांचा नमुना म्हणून परंपरेने कोंबड्याचं आरवणं सांगितलं जातं, हे मला फार आवडतं. व्याकरण शिकायला खुराड्याजवळ बसा!

तो प्लुत मी अलीकडे ऐकला तो रेवसच्या धक्क्यावर. त्या मुलाने घरी जेवायला बोलावलं होतं. ऑफिसात खालमानेने एका सुरात बोलणारा हा पोरगा धक्क्यावर पाय ठेवताच गायला लागला. गायला म्हणजे बोलायलाच, पण काय चढउतार! होडीवरच्या चुलतभावाला मारलेली ‘काय रंऽऽऽ’ ही हाक पार त्या होडीपर्यंत ताणत गेली. मासे विकणाऱ्या मावशीशी भाव करताना सूर कुठून कुठे गेला, आणि शेवटी कमी पैसे देताना तो इतका लाडात आला की मावशीने वर दोन बोंबील टाकले. वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात, दहा वाव लांब असलेल्या माणसाशी बोलायची सवय असलेला हा किनारा. इथे सपाट बोलून चालत नाही. शब्द वाऱ्याने उडून जातात, चाल तेवढी पोचते.

टपरीवर त्याने मला विचारलं, ‘चहा?’

सूर वर! अगदी कॅन्टीनमधल्या त्या ब्रिटिश वाढपिणीसारखा. मी त्याला तिथेच थांबवलं आणि म्हटलं, हेच परत म्हण. आता ‘लॉग्ज?’ म्हण. मग ‘सेंड द लॉग्ज?’ मग सगळं वाक्य. त्याला तीन मिनिटं लागली. टपरीवाला बघत होता, याला काय झालंय म्हणून. मराठीत आपण ‘का’ लावला की प्रश्न ‘का’च्या जिवावर उभा राहतो, सुराची गरज कमी पडते. ‘का’ काढून घेतला, नुसतं ‘चहा?’ उरलं, की सूर आपसूक वर जातो. इंग्रजीत ‘का’ नाहीच. म्हणजे सगळे हो-नाहीवाले प्रश्न ‘चहा?’च्या चालीत. जे प्रश्न ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ने सुरू होतात, त्यांचा सूर साधारण खालीच येतो, ते आपलं आधीपासून बरं जमतं.

तेव्हापासून आमचा एक खेळ सुरू आहे. कॉलच्या आधी महत्त्वाची दोन वाक्यं मनात मराठीत म्हणायची, ‘च’ कुठे येतो ते बघायचं, आणि इंग्रजीत त्या शब्दावर सूर उडवायचा. प्रश्न असेल तर ‘चहा?’ मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं, शक्यतो तोंड मिटून, म्हणजे शब्द न उच्चारता नुसतं गुणगुणून. गुणगुणताना प्रश्न प्रश्न वाटला पाहिजे. एवढंच. ‘वॉडर’ बंद. मोठी माणसंही साधारण हेच म्हणतात. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली, वेगवेगळ्या देशांचे लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं कशाने अडतं, याची यादी केली. त्यात वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा जोर आहे; ‘विल बी’ वाऱ्यावर उडवणं नाही, आणि इंग्रजीची ती ‘थ’सुद्धा नाही. शब्दातल्या अक्षरांचा जोरही त्या फार मनावर घेत नाहीत, तिथे माझं मन बन्सलांकडे जातं. आपला क्लायंट बहुतेक वेळा इंग्रजी ऐकतच मोठा झालेला असतो ना.

२००० नंतरच्या त्या कॉल सेंटरच्या दिवसांत माझ्या मावसबहिणीचं नाव ‘संगीता’चं ‘सँडी’ झालं होतं, आणि ॲक्सेंट न्यूट्रल करायचे वर्ग रात्री अकराला भरायचे. आता वर्गाची जागा सॉफ्टवेअरने घेतलीय. २०२५ च्या फेब्रुवारीत टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीने सांगितलं की भारतातल्या एजंटांचे उच्चार बोलता बोलता मऊ करणारं सानास कंपनीचं तंत्रज्ञान ते वापरताहेत. म्हणजे इकडून रेवस बोलणार, तिकडे भलतंच कोणीतरी ऐकू येणार. ज्याला दिवसाला शंभर त्रासलेली गिऱ्हाइकं झेलायची असतात, त्याला हे बरं वाटेलही, मी नावं ठेवणार नाही. पण ‘दुसराच’ म्हणायचं होतं की ‘बंदच’, हे मशीनला कोण सांगणार? ते आपल्याच पोटातून यायला हवं.

आणि हो, गम्पर्झच्या त्या कॅन्टीनमध्ये टेप ऐकायला सुपरवायझरही बसले होते. आमच्याकडे अजून फक्त बायका बसतात. मी क्लायंटच्या मॅनेजरला ग्रेव्हीची गोष्ट मेलवर लिहून पाठवली. दोन ओळींचं गोड उत्तर आलं. पुढच्या कॉलला ती बाई थांबली आणि तिने विचारलं, ‘तुम्ही हे सांगताय की विचारताय?’ एवढ्यानेही पुष्कळ काम झालं.

यंदाच्या अप्रेझल फॉर्ममध्ये ‘स्पोकन कम्युनिकेशन’पुढे एक ते पाच आकडे होते. मी आकडा न टाकता लिहिलं, ‘प्रश्न विचारतो तेव्हा प्रश्न ऐकू येतो.’ एचआरचा मेल आलाय: हे पाचपैकी किती धरायचं?